तांदूळ निवडावेत तसा

आदरणीय मावशी, सलाम.

मी घोरपडीत राहते. वय ४२. एका शाळेच्या ऑफिसात कारकून आहे. सव्वा वर्षापूर्वी मिस्टरांच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या. शुगर जुनीच होती, आम्ही लक्ष दिलं नाही. आता मंगळवार, गुरुवार, शनिवार डायलिसिस. दुपारी तीनला सुया लागतात, सातला सुटका, घरी यायला नऊ वाजतात. त्यांची ड्रायव्हरची नोकरी गेली, माझ्या बांगड्या गेल्या. मुलगी नववीत आहे. पाणी मापून द्यायचं, बटाटा चिरून उकळून त्याचं पाणी ओतून टाकायचं, असा दिवस जातो. रात्री त्यांच्या डाव्या हातावर बोटं ठेवून फिस्टुला (डायलिसिसच्या सुयांसाठी जोडलेली शीर) चालू आहे ना ते बघते, मेडिकलची बिलं फाइलला लावते आणि आडवी होते. झोप लागत नाही.

आमच्या चर्चच्या मंडळीतली माणसं चांगली आहेत, पण जो तो एकच सांगतो, 'प्रभूमध्ये आनंद करा.' गेल्या महिन्यात कॉटेज मिटिंगमध्ये, म्हणजे एकीच्या घरी भरलेल्या प्रार्थनासभेत, मला रडू आलं, तर एक बाई म्हणाल्या, 'रडणं म्हणजे अविश्वास. आनंद निवडायचा असतो, तू निवडत नाहीस.' तेव्हापासून मी चर्चमध्ये हसते आणि घरी बाथरूमचा नळ सोडून रडते. कधीकधी वाटतं उद्याची सकाळ होऊच नये.

मावशी, आनंद खरंच निवडता येतो का? माझा विश्वास कमी पडतोय का? आणि मुलगी विचारते, यंदा नाताळात तारा लावायचा का, करंज्या करायच्या का. तिला काय सांगू?

– एक भगिनी

प्रिय लेकी,

सलाम. तुझं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना एका ओळीपाशी थांबले. 'उद्याची सकाळ होऊच नये.' ही ओळ लिहून तू लगेच पुढच्या प्रश्नाकडे गेलीस. मी जाणार नाही. सव्वा वर्ष धड झोप नाही, सकाळी नोकरी, आठवड्यातून तीनदा हॉस्पिटल. एवढ्या ओझ्याखाली मन आजारी पडतं, आणि किडनीला जसा डॉक्टर असतो तसा मनालाही असतो. ससूनमध्ये मानसोपचार विभाग आहे. तिथे जायला लगेच जमणार नसेल तर आज रात्रीच १४४१६ हा नंबर लाव. टेली मानस नावाची ही सरकारी सेवा आहे. रात्री-अपरात्रीही फोन उचलतात, पैसे लागत नाहीत, आपल्या मराठीत बोलता येतं. आणि जिवाचं काही करून घ्यावं असा विचार डोक्यात आला, तर तसाच उठून शेजारचं दार वाजव. त्या घटकेला एकटी बसू नकोस.

याला कुणी अविश्वास म्हणालं तर त्यांना बायबलातली एलीयाची गोष्ट वाचायला सांग. कर्मेल डोंगरावर स्वर्गातून अग्नी उतरलेला ज्याने पाहिला तो हा संदेष्टा, आणि पुढच्याच अध्यायात तो रानात एका झुडपाखाली बसून देवाजवळ मरण मागतो. देवदूत आला, पण त्याने उपदेश केला नाही. उशाशी भाजलेली भाकर आणि पाणी ठेवलं, म्हणाला, ऊठ, खा. एलीया खाऊन परत झोपला. दूताने त्याला झोपू दिलं, आणि मग पुन्हा जेवायला उठवलं. देव त्याच्याशी बोलला तो पुढे चाळीस दिवसांची वाट चालून झाल्यावर. आधी जेवण आणि झोप. तू या आठवड्यात किती वेळा बसून जेवलीस, ते मला माहीत नाही, पण अंदाज आहे.

आता त्या बाईंच्या वाक्याकडे येते. आनंद निवडायचा असतो, हे त्या खोटं बोलल्या नाहीत. पण आपल्या भाषेत निवडणं दोन तऱ्हेचं आहे. लक्ष्मी रोडवर आपण साडी निवडतो. गादीवर दहा साड्या पसरलेल्या असतात, एक उचलायची, बाकीच्या दुकानदार घडी करून ठेवतो. त्या बाईंच्या मनात बहुतेक असलं निवडणं असावं. इकडे दुःख, इकडे आनंद, उचल आनंद. पण तुझ्यासमोर कुणी काही पसरलेलं नाही. तुझ्या घरी जे यायचं ते न विचारता येऊन पडलं आहे.

दुसरं निवडणं तांदळाचं. पोत्यातून जो निघाला तोच तांदूळ ताटात घ्यायचा, खिडकीशी उजेडात बसायचं, आणि बोटांनी दाणा इकडे, खडा तिकडे करत राहायचं. ताटात खडा नाहीच, असं म्हणून भागत नाही. तसं म्हटलं की तो दाताखाली येतो. आणि खडे फार आहेत म्हणून सगळं ताट उकिरड्यावर ओतायचं, हेही आपण करत नाही. विश्वासाने आनंद निवडायचा तो मला असा कळला आहे.

हे मी पुस्तकातून शिकले नाही. १९९६ मध्ये माझ्या यजमानांना आतड्याचा कर्करोग झाला. तेव्हा आम्ही नाना पेठेत दोन खोल्यांत राहत होतो. प्रार्थनेला पुष्कळ जण येत. मी सगळ्यांना चहा करत असे, हसत असे, 'प्रभू चालवतो' म्हणत असे, आणि ते गेले की मोरीत जाऊन तोंडात पदर कोंबत असे. नळाचं तू लिहिलंस ते म्हणूनच मला समजावून सांगायला नको. एका दुपारी मंडळीतलीच एक शेजारीण आली. तिने पवित्र शास्त्र उघडलं नाही, ते कसे आहेत हेही विचारलं नाही. कोपऱ्यात मी तांदळाचं ताट ठेवलं होतं, ते तिने मांडीवर घेतलं आणि निवडायला लागली. मी समोर बसले. तासभर आम्ही दोघी निवडत होतो. मध्येच तिने रेशनच्या रांगेत सकाळी झालेलं भांडण सांगितलं, अगदी आवाज काढून, आणि मी हसले. कितीतरी दिवसांनी हसले. लगेच जीव चरकला. आत माणूस झिजतोय आणि मी हसते! तिला ते दिसलं. म्हणाली, "हस गं. ते बघ, आत तेही हसताहेत." खरंच हसत होते. पडद्याआडून त्यांचा खोकला आणि हसू एकात एक येत होतं.

ते पुढच्या जूनमध्ये गेले. आम्ही आनंद निवडला म्हणून ते वाचले नाहीत, आणि असं होईल म्हणून तुला कुणी सांगत असेल तर ते मनावर घेऊ नकोस. पण त्या दुपारचं हसू मी घरातून हाकललं असतं तर तेवढे महिने मी जास्त विश्वासू ठरले असते, असंही मला आज वाटत नाही. ते हसू देवानेच पाठवलं होतं. त्याच ताटात खडेही होते.

आणि लेकी, तू निवडत नाहीस हे साफ चूक आहे. तुझं पत्र तू पुन्हा वाच. रोज रात्री त्यांच्या हातावर बोटं ठेवतेस, हे तू बिलांच्या आणि निद्रानाशाच्या मध्ये अर्ध्या ओळीत लिहिलंस. माझ्या भाच्याचा फिस्टुला मी हाताने पाहिला आहे. कातडीखाली मांजर गुरगुरावं तशी सतत थरथर लागते. ती लागली की समजायचं, रक्त नीट वाहतंय, उद्याची सुई लागेल. दिवसभराच्या सगळ्या काळजीनंतर रोज रात्री तुझ्या बोटांना एक उत्तर मिळतं की आज चालू आहे. तो दाणा आहे. तू तो तपासतेस आणि लगेच फाइल उघडतेस. आज रात्री बोटं जरा जास्त वेळ तिथेच राहू दे. त्यांनाही सांग, 'चालू आहे.' दोघांनी मिळून 'प्रभू, आजच्याबद्दल उपकार' एवढं म्हणा. याहून लांब प्रार्थना त्या वेळी करू नका, दमलेली असता. फाइल पाच मिनिटांनी उघडली तरी चालते.

आता 'प्रभूमध्ये सर्वदा आनंद करा' या वचनाबद्दल, कारण तुला ज्याने मारलं जातंय ते वचन फार मोलाचं आहे आणि ते तुझ्या हातून सुटावं असं मला वाटत नाही. मी तुला 'तू' म्हणते. हे वचन लिहिणारा प्रेषित पौल 'करा' म्हणतो. आपण मराठी माणसं ते 'करा' आदरार्थी समजतो, जणू पौल एकेकाला अहो-जाहो करून सांगतोय. तसं नाही. मूळ ग्रीकमधलं ते क्रियापद अनेकवचनी आहे. फिलिप्पै शहरातल्या अख्ख्या मंडळीला पत्रातून ते सांगितलं आहे. तुम्ही सगळे, मिळून. घोरपडीच्या एका बाईने रात्री अकरा वाजता बिलांच्या फाइलसमोर एकटीने पार पाडायचा तो हुकूम नव्हे.

त्याच्या आदल्याच वचनात काय आहे ते बघ. युवदीया आणि सुंतुखे या दोन बायांचं आपसात पटत नव्हतं. त्यांच्याबद्दल पौल आपल्या एका सोबत्याला लिहितो, या स्त्रियांना मदत कर. मदत कर, आणि मग आनंद करा. मंडळीने ती दोन वचनं तोडली आणि दुसरं तेवढं तुझ्या हातात दिलं. आणि लिहिणारा कोण? साखळदंडात अडकलेला माणूस. त्याच पत्रात तो एपफ्रदीताबद्दल लिहितो. फिलिप्पैकरांनी पौलाची गरज भागवायला पाठवलेला हा माणूस सेवा करता करता स्वतःच मरणाच्या दारी गेला होता. तो वाचला. पौल म्हणतो, देवाने त्याच्यावर दया केली, आणि माझ्यावरही, मला दुःखावर दुःख होऊ नये म्हणून. म्हणजे आनंदाचं पत्र लिहिणारा कबूल करतोय की एक दुःख आधीच आहे, दुसरं पेललं नसतं. त्याचा विश्वास कमी पडला असं कुणी म्हणत नाही. शिवाय तो एपफ्रदीताला घरी पाठवून देतो. सेवा करणाऱ्याने पडेपर्यंत सेवा करावी, असं त्याला वाटत नाही.

तेव्हा हे पान घेऊन रविवारी पाळकसाहेबांकडे जा. त्यांना सांग, मला तीन दिवसांतला एक दिवस हवा आहे. तरुण संघातला एक मुलगा मंगळवारी तुझ्या यजमानांना घेऊन गेला, शेजारी बसला, परत आणलं, तर तू शाळेतून घरी येऊन झोपशील. झोपशीलच, त्या वेळात कपाट आवरू नकोस. मागायला लाज वाटेल, मला फार वाटली होती. पण तू मागितलं नाहीस तर त्यांनाही ते 'करा' नीट वाचता येणार नाही.

कागदपत्रांचंही बघ. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिस बसतं. तुमचं सेंटर त्या योजनेत आहे का, ते विचारलंस का? धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखून ठेवाव्या लागतात. तिथल्या वैद्यकीय समाजसेवकाला भेट, रेशनकार्ड आणि उत्पन्नाचा दाखला बरोबर ने. डॉक्टरांनी प्रत्यारोपणाचा विषय काढला नसेल तर तू काढ. मृत्यूनंतर दान केलेल्या किडनीसाठी प्रतीक्षा यादीत नाव हॉस्पिटलमार्फत पुण्याच्या झेडटीसीसीकडे, म्हणजे विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्राकडे, जातं. वयाच्या मानाने ते बसतील का, शुगरचं काय, हे डॉक्टरच सांगतील.

पंडिता रमाबाईंचं नाव घेऊ का, याचा मी जरा विचार केला. आपल्याकडे त्यांचं नाव दुसऱ्याचं दुःख लहान करायला वापरतात. बघ, त्यांनी केवढं सोसलं, आणि तू! मी त्यासाठी घेत नाही. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात वडील, आई, थोरली बहीण गेली. १८८० मध्ये भाऊ, १८८२ मध्ये नवरा. म्हातारपणी, १९२१ मध्ये, एकुलती एक लेक मनोरमाही गेली, आणि पुढच्या वर्षी ५ एप्रिलला त्या स्वतः. लेकीनंतरचे ते महिने त्या काय करत होत्या? मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून चाललेलं पवित्र शास्त्राचं मराठी भाषांतर पुरं करत होत्या. दौंडच्या गाडीने आम्ही बायका एकदा केडगावला, त्यांच्या मुक्ती मिशनला, गेलो होतो. तिथे उभं राहिल्यावर मला त्यांच्या धीरापेक्षा दुसरंच जाणवलं. त्या एकट्या नव्हत्या. १८९६-९७ च्या दुष्काळात ज्या उपाशी मुलींना त्यांनी मध्य प्रांतातून आणलं, त्या आणि त्यांच्यासारख्या शेकडो बायका भोवती होत्या. अंध मुलींना वाचायला शिकवणं चाललं होतं, शेती चालली होती, छापखाना चालला होता. त्या घरात एकटीने रडायला जागा सापडली नसेल, आणि एकटीने हसायलाही नाही.

आणखी एक सांगते. माझ्या आजोबांची सासवडजवळ अंजिराची बाग होती. मी तिसरीत असेन, त्या वर्षी मीठा बहार, म्हणजे उन्हाळी पीक, गेला. तांबेरा रोग पडला होता. आजोबांनी एक पान उलटं करून मला दाखवलं. खालच्या बाजूला विटकरी भुकटी, बोटाला लागली तर पुसता पुसेना. चार दिवसांत पानं गळाली, मग कच्ची फळं. सावकाराचं देणं होतं, आत्याचं लग्न ठरलं होतं. त्या रात्री घरच्या प्रार्थनेला आजोबांनी कंदील जवळ ओढला आणि बायबलातला हबक्कूक संदेष्टा काढला. 'अंजिराचे झाड न फुलले' एवढं वाचलं आणि त्यांचा आवाज बसला. पुढचा शब्द निघेना. खांदे हलायला लागले. आम्ही पोरं घाबरलो, आजोबांना रडताना कधी पाहिलंच नव्हतं. आजीला वाचता येत नव्हतं. पण तिने ऐकून ऐकून पाठ केलं होतं. परातीत पीठ होतं, हात तसेच पिठाचे, आणि तिने पुढचं म्हटलं. द्राक्षाच्या वेलीला फळ नाही, शेतात धान्य नाही, गोठ्यात गुरं नाहीत, तरी मी परमेश्वराच्या ठायी उल्लास करीन. 'तरी' म्हणताना तीही थांबली होती, मला चांगलं आठवतं. मग म्हणाली.

आजोबा दुसऱ्या दिवशी आनंदी नव्हते. पण पहाटे उठून त्यांनी रोगट पानं गोळा करून जाळली आणि सायंकाळी छाटणीची कात्री दगडावर घासत बसले.

तुझा आवाज सध्या 'अंजिराचे झाड' पाशी बसला आहे. बसू दे. पुढचं वचन कुणीतरी म्हणायला हवं. ते त्या बाईंनी म्हणावं, तुला सांगण्यासाठी नव्हे, तुझ्याबरोबर. कॉटेज मिटिंगमध्ये पुन्हा रडू आलं तर रड. आपला प्रभू आपल्या मेलेल्या मित्राच्या, लाजराच्या, कबरेकडे जाताना रडला, आणि थोड्याच वेळात त्याला उठवणार आहोत हे ठाऊक असताना रडला.

आता मुलीचं. तारा लाव. नवा आणू नका, गेल्या वर्षीचा माळ्यावर असेल, एखादा कोपरा फाटला असेल तर तिला कागद चिकटवू दे. दरवर्षी दारावर लावत असाल, यंदा तुझे यजमान झोपतात तिथून खिडकीतून दिसेल असा लाव. डायलिसिसहून आलं की माणूस गळून जातो, त्यांनी पडल्या पडल्या बघावा.

करंज्या तू एकटीने करू नकोस. महिला मंडळातल्या चौघींना सांग, रविवारी उपासनेनंतर माझ्याकडे या, रवा-खोबरं तुम्ही आणा, पोळपाट-लाटणं माझं. पाच किलोच्या करायची गरज नाही, दोन डबे झाले तरी नाताळ होतो. यजमानांना सारण किती चालेल हे सेंटरच्या डाएटिशियनला आधी विचार. ती अर्धी करंजी म्हणाली तर अर्धी. ज्या बाई तुला बोलल्या त्यांनाही बोलाव. मी आयुष्यात पाहिलं आहे, असं बोलणाऱ्या बाईच्या घरीही काहीतरी बंद दाराआड चाललेलं असतं. करंजीच्या कडा मुडपताना त्या बोलतील, किंवा नुसत्या बसतील.

आणि मुलीला खरं सांग. यंदा हात आखडता आहे, पण नाताळ करायचा आहे. आईला मध्येच रडू येईल, तेव्हा घाबरायचं नाही, जवळ येऊन बसायचं. नववीतल्या मुलीला नळाचा आवाज आणि रडण्याचा आवाज वेगळा कळतो, लेकी. तिला तो कधीचाच कळतोय.

या मंगळवारी तीन ते सात त्यांच्याजवळ कोण बसलं, ते मला कळव. मी पत्राची वाट बघते.

तुझी मावशी